लांब अंतराची व्हिडिओ केबल: कोल्हापुरातून वारंवार येणारे प्रश्न

प्रोजेक्टर हॉलच्या मागच्या टोकाला आणि बॉक्स पुढच्या कपाटात. किंवा टीव्ही वरच्या मजल्यावर आणि डिशचा बॉक्स खाली. मधली केबल कोणती घ्यायची, हा प्रश्न राजारामपुरीपासून पाचगावपर्यंत सगळीकडून येतो, आणि बहुतेक वेळा गिलावा झाल्यावर येतो. खाली तेच प्रश्न आहेत, लोक विचारतात त्याच शब्दांत. किमती आणि ब्रँड मुद्दाम दिलेले नाहीत, कारण ते सतत बदलतात. घाई असेल तर १, २ आणि ६ एवढेच वाचा.

१. लांब केबल म्हणजे नक्की किती लांब? ५ मीटरला लांब म्हणायचं का?

तिच्यातून काय न्यायचंय त्यावर ते ठरतं. बॉक्समधून टीव्हीला चित्र आणि आवाज नेणाऱ्या या केबलचं नाव एचडीएमआय, आणि तिच्या नियमावलीत जास्तीत जास्त लांबीचा आकडाच नाही. दुसऱ्या टोकाला सिग्नल ठराविक दर्जाचा पोचला पाहिजे, एवढीच अट आहे. व्यवहारात साध्या तांब्याच्या केबलचा हिशोब असा पडतो. फुल एचडी, म्हणजे १०८०पी, सेकंदाला साधारण ४.५ गिगाबिट मागतं. जाड, चांगली केबल ते १० मीटर सहज नेते, कधी १५ मीटरही नेते. ४के ३० फ्रेमला जवळपास ९ गिगाबिट लागतात, ४के ६० फ्रेमला जवळपास १८. या १८ गिगाबिटला ५ मीटरपर्यंत निर्धास्त राहा. ७ मीटरला केबल चांगली निघाली तर चालते, नाहीतर नाही. गेमिंगच्या ४के १२० फ्रेमला मागणी ४० गिगाबिटच्या घरात जाते आणि तिथं ३ मीटरसुद्धा लांबच.

म्हणून केबल विचारण्याआधी दोन गोष्टी सांगा: अंतर किती, आणि बॉक्समधून टीव्हीला नक्की काय जाणार आहे. डीटीएचच्या एचडी वाहिन्या बहुतांश १०८०आय असतात, म्हणजे १०८०पीपेक्षाही हलक्या. त्यांच्यासाठी ४८ गिगाबिटची केबल घेणं म्हणजे पैसे पंचगंगेत टाकणं.

२. टीव्ही समोरच दिसतोय, १२ फूट असेल. मग १५ मीटरची केबल कशाला सांगता?

केबल हवेतून जात नाही, भिंतीवरून जाते. एक नमुना घ्या. हॉल २० फूट लांब, छत १० फुटांवर, कपाटातला बॉक्स २ फूट उंचीवर. केबल ८ फूट वर चढली, छताला लागून २० फूट मागे गेली, मधोमध यायला ६ फूट आडवी सरकली आणि प्रोजेक्टरसाठी १ फूट खाली उतरली. झाले ३५ फूट. कपाटामागे ४ फूट मोकळी सोडा, म्हणजे बॉक्स पुढं ओढून मागची पिन काढता येईल. प्रोजेक्टरच्या बाजूला २ फूट. एकूण ४१ फूट, म्हणजे साडेबारा मीटर. तयार केबल १० मीटर किंवा १५ मीटरची मिळते. १० पुरत नाही, मग १५.

गवंडी आणि वायरमन फुटात बोलतात, केबलचं पाकीट मीटरमध्ये. १ मीटर म्हणजे ३.२८ फूट. हा गुणाकार दुकानात उभं राहून नका करू. घरी सुतळी घेऊन खरा मार्ग मोजा आणि तीच सुतळी टेपवर धरा.

३. पाकिटावर "एचडीएमआय २.१" लिहिलंय. म्हणजे झालं ना?

नाही. १.४, २.०, २.१ हे आकडे उपकरणांच्या नियमावलीचे. केबलला वर्ग असतो: हाय स्पीड म्हणजे १०.२ गिगाबिट, प्रीमियम हाय स्पीड म्हणजे १८ गिगाबिट, अल्ट्रा हाय स्पीड म्हणजे ४८ गिगाबिट. २०२५ मध्ये ९६ गिगाबिटचा अल्ट्रा९६ हा आणखी एक वर्ग आला, पण घरच्या वापरात त्याची गरज पडायला अजून वेळ आहे. प्रीमियम आणि अल्ट्रा या दोन वर्गांत तपासणी झालेल्या केबलच्या पाकिटावर क्यूआर कोडचं लेबल असतं. ते लेबल त्या लांबीपुरतंच खरं. म्हणजे २ मीटरची केबल पास झाली म्हणून त्याच कंपनीची १० मीटरची पास झाली असं होत नाही. पाकिटावर नुसतं "८के सपोर्ट" असेल तर ती जाहिरात समजा.

४. सोन्याचा मुलामा, जाळीदार वेष्टन असलेली महागडी केबल घेतली तर चित्र जास्त उजळ येतं?

येत नाही. सिग्नल डिजिटल आहे. तो नीट पोचला तर चित्र जसंच्या तसं, नाही पोचला तर बिघाड डोळ्याला दिसतो (प्रश्न ५). रंग गडद होणं, काळा रंग खोल होणं हे केबलच्या हातात नाही, ती टीव्हीची सेटिंग. मुलाम्याचा उपयोग गंज रोखायला होतो आणि आपल्याकडच्या दमट पावसाळ्यात तो हवाच, पण साध्या केबललाही तो असतो. जाळी दिसायला छान. पाईपातून ओढताना मात्र ती अडकते, म्हणून भिंतीसाठी मी गुळगुळीत वेष्टनाचीच सुचवतो.

५. केबल खराब आहे की बॉक्स, हे कसं ओळखायचं?

केबल अपुरी पडली की चित्रावर पांढरे किंवा रंगीत ठिपके चमकतात, मध्येच पडदा सेकंदभर काळा होतो, आवाज तुटतो, किंवा टीव्ही आपोआप खालच्या रिझोल्यूशनवर येतो. सोपी परीक्षा: बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन ४के ६० चं १०८०पी करा. त्रास लगेच थांबला तर दोष केबलकडे. १०८०पीवरही तसाच राहिला तर बॉक्स टीव्हीजवळ न्या आणि छोट्या केबलने जोडून बघा. तरीही तेच होत असेल तर लांब केबल निर्दोष, पुढं प्रश्न १८ वाचा.

६. घर बांधतोय, वायरिंग चालू आहे. भिंतीत कोणती केबल टाकून ठेवू?

पाईप टाका. केबल नंतरची गोष्ट.

हे पुन्हा पुन्हा सांगायचं कारण असं. पहिली एचडीएमआय नियमावली २००२ च्या शेवटी आली. १.४ ही आवृत्ती २००९ मध्ये १०.२ गिगाबिटवर होती, २.० ही २०१३ मध्ये १८ वर आणि २.१ ही २०१७ मध्ये ४८ वर गेली. त्या काळात ज्यांनी भारी केबल गिलाव्यात पुरली त्यांची केबल धडधाकट आहे, पण नव्या टीव्हीला उपयोगाची नाही, आणि ती बदलायला भिंत फोडावी लागते. घर पन्नास वर्षांसाठी बांधतोय आणि केबलचं आयुष्य सात-आठ वर्षांचं, हे डोक्यात ठेवूनच झिरी मारा.

पाईप किती जाड? वायरमन सवयीने पाऊण इंची, म्हणजे २० मिमीचा लावतो. एचडीएमआय पिनचं धातूचं तोंड १४ मिमी रुंद असतं आणि भोवतालचं प्लास्टिक धरून ती २० मिमीच्या आसपास जाते, तेव्हा पाऊण इंची पाईप बाद. एक इंची पाईपात सरळ जागी जाते, वळणावर अडते. सव्वा इंची, म्हणजे ३२ मिमीचा पाईप लावा. पाईपच्या किमतीतला फरक एका जेवणाइतकाही नाही. खोल झिरी मारायची मजुरी मात्र वाढते, ती आधीच ठरवून घ्या. भिंत चार इंची असेल तर एवढी खोल झिरी नको. तिथं छतातून किंवा पीओपीच्या वरून मार्ग काढा.

वळणाला काटकोनी एल्बो नको, लांब बेंड हवा. दोन बेंडपेक्षा जास्त वळणं येत असतील तर मध्ये जंक्शन बॉक्स ठेवा, म्हणजे तिथून पुन्हा ओढता येईल. पाईपात नायलॉनची दोरी घालूनच गिलावा करा आणि केबल ओढताना तिच्यासोबत नवी दोरीही ओढून ठेवा. स्लॅबमधून जायचं असेल तर हे सगळं स्लॅब पडण्याआधी, सळई बांधून झाल्यावर. दोन्ही टोकं कापडाने घट्ट बंद करा. सिमेंटचं पाणी आत जाऊन वाळलं तर पाईप गेला. उंदरांनाही मोकळा पाईप आवडतो.

त्याच पाईपात, किंवा जमलं तर शेजारच्या दुसऱ्यात, कॅट ६ च्या दोन वायरी टाकून ठेवा. एक इंटरनेटला लागेल, दुसरी प्रश्न ११ मधल्या कामाला. गिलाव्याआधी भिंतीचा फोटो काढा, फोटोत टेप धरलेली असू द्या. चार वर्षांनी ड्रिल मारताना तो फोटो शोधाल.

७. वायरमन म्हणतोय लाईटच्याच पाईपातून ओढून देतो. देऊ का ओढायला?

अजिबात नाही. चित्राचा विचार नंतर करू, आधी जिवाचा. एचडीएमआय किंवा कॅट ६ चं वेष्टन २३० व्होल्टच्या वायरीला खेटून राहण्यासाठी बनलेलं नाही. ओढाओढीत लाईटच्या वायरीचं वेष्टन सोललं तर तो करंट थेट टीव्हीच्या अंगावर, म्हणजे हात लावणाऱ्याच्याही अंगावर येतो. वेगळा पाईप, वेगळा बॉक्स. समांतर जात असेल तर दोन्हींत फूटभर अंतर राहू द्या, ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडा. "फायबर आहे, चालतंय की" असं कोणी म्हणालं तर प्रश्न ९ दाखवा.

८. ५ ते १० मीटरच्या मधलं अंतर आहे. काय घेऊ?

सगळ्यात अडचणीचा टप्पा हाच. १०८०पीच न्यायचं असेल तर जाड तांब्याची केबल घ्या. गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड. २४ गेज मिळाली तर उत्तम, २८ आणि ३० गेज एवढ्या लांबीला नको. जाड केबल ताठ असते आणि भिंतीवरच्या टीव्हीच्या सॉकेटवर वजन टाकते, म्हणून मागे क्लिपने अडकवा.

४के ६० न्यायचं असेल तर दोन पर्याय. एक ॲक्टिव्ह तांब्याची केबल, जिच्या पिनेत सिग्नल सावरणारी चिप असते. चिपला वीज एचडीएमआयच्याच ५ व्होल्टच्या तारेतून मिळते. त्या तारेवर किमान ५५ मिलिअँपिअरचीच हमी असते, म्हणून काही जुन्या बॉक्सवर ही केबल रुसते. दुसरा पर्याय फायबर, म्हणजे काचेच्या तंतूंची केबल (प्रश्न ९). माझं मत विचाराल तर ७ मीटरच्या पुढे सरळ फायबर. ७ च्या आत प्रीमियम वर्गाची तांब्याची आणून आधी जमिनीवर पसरून बघा (प्रश्न २१).

९. फायबर एचडीएमआय म्हणजे इंटरनेटवाला टाकतो तसलंच का?

काच तीच, काम वेगळं. या केबलच्या एका पिनेत लेसर असतात आणि दुसऱ्या पिनेत प्रकाश ओळखणारे भाग. चित्राच्या चार वाहिन्या काचेच्या चार तंतूंतून जातात, म्हणून १०, ३०, अगदी १०० मीटरलाही चित्रात फरक पडत नाही. मात्र बाजारातल्या बहुतेक केबल मिश्र असतात: चित्र काचेतून, पण रिमोटचे संदेश, टीव्हीची ओळख आणि ५ व्होल्ट बारीक तांब्याच्या तारांतून. म्हणजे ती विजेपासून पूर्ण अलिप्त नसते.

पथ्यं थोडी आहेत, पण कडक आहेत. पिनेला धरून ओढायचं नाही, वेष्टनाला दोरी बांधून ओढायचं. वळण चहाच्या बशीएवढं तरी गोल ठेवा. केबल टाय आवळून कापेपर्यंत घट्ट करू नका. ही केबल कापून जोडता येत नाही. जास्तीची लांबी गोल वेटोळं करून कपाटामागे ठेवा. पाईप बारीक असेल तर सुटं डोकं असलेली घ्या: तिचं टोक छोट्या पिनेचं असतं, ती ओढून झाली की मोठी पिन वरून बसते.

१०. फायबर केबल उलटी लागली, चित्र येत नाही. बॉक्स जळला असेल का?

जळलेला नसतो. केबलच्या एका पिनेवर सोर्स आणि दुसरीवर डिस्प्ले लिहिलेलं असतं. सोर्स बॉक्सकडे, डिस्प्ले टीव्हीकडे. वीज बंद करून अदलाबदल करा. पाईपात गेल्यावर मात्र हे परत सगळं ओढणं येतं, म्हणून ओढण्याआधी दोन्ही टोकांना रंगीत टेप लावा. ॲक्टिव्ह तांब्याच्या केबललाही हाच नियम.

११. कॅट ६ वरून एचडीएमआय जातं म्हणे. मग ती महाग केबल कशाला?

जातं, पण दोन्ही टोकांना सिग्नलचं रूपांतर करणारा डबा लागतो आणि डब्यांत फार फरक असतो. एचडीबेसटी हे तंत्र २०१० मध्ये आलं. ते एका कॅट ६ वरून चित्र, आवाज, रिमोटचे इशारे आणि काही संचांत पलीकडच्या डब्याची वीजही नेतं, चांगल्या संचात १०० मीटरपर्यंत. सुरुवातीच्या पिढ्यांची मर्यादा १०.२ गिगाबिट होती, म्हणून ४के ६० रंगांची माहिती कमी करून किंवा दाबून न्यावं लागे. २०२१ च्या ३.० आवृत्तीत १८ गिगाबिट पूर्ण जातात. स्वस्त डब्यांत दुसरा प्रकार असतो. ते चित्र दाबून पाठवतात आणि उशीर होतो. सिनेमाला कळत नाही, क्रिकेटला शेजारी आधी ओरडला की कळतं, गेमला तर चालतच नाही.

एचडीबेसटीची वायर एका डब्यातून निघून थेट दुसऱ्यात गेली पाहिजे. मध्ये इंटरनेटचा स्विच किंवा राउटर नको. दोन्ही टोकांच्या पिनांत रंगांचा क्रम एकच ठेवा. इकडं बहुतेक जण बी क्रमाने लावतात. वायर नक्की तांब्याची हवी (प्रश्न १२), लांब अंतराला पत्र्याचं कवच असलेली. लाईट गेल्यावर टीव्ही इन्व्हर्टरवर चालतो आणि डब्याचा ॲडॉप्टर दुसऱ्याच सॉकेटवर असतो, मग "चित्र गेलं" असा फोन येतो. दोन्ही डबे इन्व्हर्टरवर घ्या.

फायदा मोठा आहे: वायर बारीक, पिन जागेवर लावता येते, आणि घरात आधीच कॅट ६ असेल तर भिंतीला हात लावावा लागत नाही.

१२. कॅट ६ खरी तांब्याची आहे का, कसं बघू?

पात्यानं तार खरवडा. आत चांदीसारखी चमकली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची. तिचं वेटोळं हातात हलकं लागतं आणि दोन-चारदा वाकवलं की तार तुटते. सीसीटीव्हीच्या दुकानात भाव फारच कमी सांगितला तर हीच असते. इंटरनेटला कसंबसं भागतं, व्हिडिओला आणि वीज वाहून न्यायला नको.

१३. एकाच सेट-टॉप बॉक्सवर खालचा आणि वरचा असे दोन टीव्ही चालवायचेत. जमेल?

जमेल, पण दोन्हीवर एकच वाहिनी दिसणार. आई खाली मालिका बघत असताना वर मॅच लागणार नाही. त्यासाठी दुसरा बॉक्स आणि छत्रीपासून वेगळी केबलच हवी. एकच चालत असेल तर एचडीएमआय स्प्लिटर घ्या. खालचा टीव्ही छोट्या केबलवर ठेवा, वरच्याला जाड तांबं किंवा कॅट ६ चे डबे. स्प्लिटर दोन्ही टीव्हींना झेपेल असंच चित्र पाठवतो: एक ४के आणि दुसरा जुना असेल तर दोन्हीकडे जुन्याला झेपणारं जातं. वाहिनी बदलायला वरून खाली यायला नको असेल तर रिमोटचा इशारा परत नेणारे डबे मागा, तसं पाकिटावर स्पष्ट लिहिलेलं असतं.

१४. डिशची जुनी काळी केबल भिंतीत आहे. तिच्यातून एचडीएमआय जाईल?

थेट नाही. ती आरजी ६, म्हणजे मध्ये एक तार आणि भोवती जाळी; एचडीएमआयच्या पिनेत १९ टोकं. दोन्हीकडे रूपांतर करणारे डबे लावून १०८०पी नेता येतं. भिंत फोडणं शक्यच नसेल, घर भाड्याचं असेल, तर करून बघण्यासारखं आहे. आणि केबल छत्रीला जोडलेली नाही याची आधी खात्री करा: बॉक्स त्याच तारेतून छत्रीला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो, नवा डबा जळेल.

१५. आमचा शिवाजी पेठेतला जुना वाडा, भिंती दोन फुटी. वायरलेस एचडीएमआय घेऊ का?

त्याच खोलीत, समोरासमोर असेल तर घ्या. दोन फुटी दगड-मातीच्या भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल अडखळतो आणि ६० गिगाहर्ट्झवाल्याला माणूस आडवा आला तरी अडचण होते. वाड्यात भिंतीला हात लावायचा नसेल तर तुळईच्या कडेनं फायबर न्या. ती चार-पाच मिमी जाड असते, लाकडाच्या रंगाच्या पट्टीत दिसतही नाही.

१६. मुळात ही लांब केबल लागतेच का?

हा प्रश्न कमी लोक विचारतात आणि तो पहिला असायला हवा. फक्त ओटीटी बघायचं असेल तर स्ट्रीमिंगची काडी प्रोजेक्टरच्याच पाठीमागे लावा. तिथं वीज आणि चांगलं वायफाय असलं की पुरे. शक्य असेल तर तिथवर कॅट ६ आणा. लांब एचडीएमआय लागते ती डीटीएच बॉक्स, गेम कन्सोल, ब्ल्यू-रे किंवा रिसीव्हर (सगळे बॉक्स आणि स्पीकर ज्याला जोडतात तो ॲम्प्लिफायर) पुढच्या कपाटात ठेवायचा असेल तेव्हा. पण मग आवाज पुढच्या स्पीकरपर्यंत कसा आणायचा, ते पुढच्या प्रश्नात.

१७. प्रोजेक्टर मागे, स्पीकर पुढे. आवाजाला वेगळी केबल टाकू?

रिसीव्हर पुढे ठेवा, सगळे बॉक्स त्यालाच जोडा आणि रिसीव्हरमधून एकच लांब केबल प्रोजेक्टरला न्या. आवाज पुढंच उतरतो, परत आणावा लागत नाही. काडी मागे लावली असेल किंवा टीव्हीचीच ॲप वापरत असाल तर आवाज उलट दिशेनं यायला हवा, म्हणजे एआरसी किंवा ईएआरसी. फायबर घेताना इथंच लोक फसतात: चित्र जातं, आवाज परत येत नाही, कारण त्या मॉडेलला ईएआरसी दिलेलंच नसतं. पाकिटावर नाव घेऊन लिहिलेलं असेल तरच धरा. नुसत्या साउंडबारसाठी ऑप्टिकल ऑडिओ केबलही चालते, साधारण ५ ते १० मीटरपर्यंत. तिच्यातून डॉल्बी ॲटमॉससाठी लागणारा भारी आवाज मात्र जात नाही.

१८. केबल नवी, भारी, तरी पडदा काळा. बॉक्स बंद-चालू केला की येतं. हे काय?

बॉक्स आणि टीव्ही आधी एकमेकांना ओळख देतात. टीव्ही आपल्याला काय झेपतं ते सांगतो, बॉक्स कॉपीविरोधी कुलपाची किल्ली तपासतो. ४के ओटीटीला या कुलपाची एचडीसीपी २.२ ही आवृत्ती लागते आणि साखळीतल्या प्रत्येकाला ती हवी: रिसीव्हर, स्प्लिटर, कॅट ६ चे डबे, सगळ्यांना. एक जुना स्प्लिटर मध्ये असला की ४के बंद. तपासताना मधलं एकेक काढत जा. आधी टीव्ही, मग रिसीव्हर, शेवटी बॉक्स या क्रमानं चालू करून बघा. टीव्हीच्या त्या सॉकेटची सेटिंग "एन्हान्स्ड" किंवा तशाच नावाची नसेल तर १८ गिगाबिट मुळात सुरूच होत नाहीत, आणि दोष बिचाऱ्या केबलला लागतो.

१९. दोन १० मीटरच्या केबल जोडून २० मीटर करू का?

तात्पुरत्या १०८०पीला, उघड्यावर असेल तर बघा. भिंतीत नको. जोडावर सिग्नल घटतो आणि पहिला बिघाड तिथंच होतो. भिंतीवरची सॉकेट प्लेट हाही जोडच, हे लक्षात असू द्या. लांब फायबर सॉकेट प्लेटशिवाय, तोंडाला ब्रशचे केस बसवलेल्या भोकातून थेट बाहेर काढा.

२०. आमच्या तालमीसमोर फुटबॉल वर्ल्ड कपला मोठा पडदा लावतोय. लॅपटॉप तालमीत, प्रोजेक्टर चौकात. कसली केबल?

कोल्हापुरात हा प्रश्न दर चार वर्षांनी येतो, ब्राझील आणि अर्जेंटिनाच्या पताकांसोबतच. ३० मीटरची फायबर घ्या, ड्रमवर गुंडाळून ठेवा म्हणजे पुढच्या वर्षी गणपतीलाही कामाला येईल. एवढ्या मोठ्या पडद्यालाही १०८०पी पुरतं. रस्ता ओलांडायचा असेल तर वरून न्या, खालून नेली तर पहिल्या बुलेटखाली काच फुटते. लॅपटॉप आणि प्रोजेक्टर एकाच बोर्डवरून चालवा. दोन घरांच्या दोन वेगवेगळ्या लाईनी घेतल्या तर केबलच्या तांब्यातून अर्थिंगचा फरक वाहतो. २०२६ ची स्पर्धा जून-जुलैतली, म्हणजे ऐन पावसातली, तेव्हा प्रोजेक्टर मंडपात आणि पिनांची टोकं जमिनीपासून वर.

२१. भिंतीत घालण्याआधी केबल कशी तपासू?

जमिनीवर पूर्ण पसरा, वेटोळ्यात ठेवू नका. घरातलाच बॉक्स आणि घरातलाच टीव्ही जोडा, सगळ्यात जड मोड लावा आणि अख्खा सिनेमा चालवा. टीव्हीच्या माहितीपट्टीत ४के ६० दिसतंय ना, ते डोळ्यांनी बघा. पाईपात ओढून झाल्यावर, तोंडं बंद करण्याआधी, तेच पुन्हा. बदलून देण्याची मुदत बिलावर लिहून घ्या आणि मुदतीतच ओढून मोकळे व्हा.

२२. वळवात वीज कडाडली आणि टीव्हीचं एचडीएमआय सॉकेटच गेलं. केबलमुळे होतं का?

केबल रस्ता देते. एप्रिल-मे मधल्या वळवात गच्चीवरच्या छत्रीतून उसळलेला दाब डिशच्या तारेनं बॉक्समध्ये आणि तिथून एचडीएमआयच्या तांब्यातून टीव्हीत उतरतो. केबल जितकी लांब तितका धोका जास्त. छत्रीच्या खांबाला अर्थिंग द्या. ढग दाटले की नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग आणि डिशची तार दोन्ही काढा. मिश्र फायबरमध्ये तांबं असतं हे प्रश्न ९ मध्ये आलंच आहे. दोन वेगळ्या इमारतींत नेणार असाल तर पूर्ण काचेची, दोन्हीकडे स्वतःचा ॲडॉप्टर असलेली केबल घ्या.

२३. आमच्याकडं पुराचं पाणी येतं. तळमजल्याला काय करायचं?

२००५, २०१९ आणि २०२१ ला शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत आणि व्हीनस कॉर्नरला जे झालं ते बघता, तळमजल्यावरचे डबे आणि जोड कमरेच्याही वर ठेवा, जमलं तर मुख्य कपाट पहिल्या मजल्यावरच न्या. पाईप जमिनीतून न नेता छतातून न्या. पिनेत गढूळ पाणी गेलेली केबल वाळवून वापरू नका. वेष्टनाच्या आत पाणी केशाकर्षणानं पुढं सरकतं आणि महिन्याभरानं गंज टीव्हीच्या सॉकेटपर्यंत येतो.

२४. पोराला कन्सोलवर ४के १२० पाहिजे, टीव्ही १२ मीटरवर. काही मार्ग?

४८ गिगाबिटची, लेबल असलेली फायबर. किंवा कन्सोल टीव्हीखाली ठेवा आणि ३ मीटरची अल्ट्रा हाय स्पीड लावा. दुसरं स्वस्त पडतं.

२५. भिंतीत पुरलेली केबल गेली आणि पाईप नाही. आता?

आधी ती खरंच गेलीय का ते प्रश्न ५ प्रमाणे बघा, पुष्कळदा पिनच सैल असते. गेलीच असेल तर जुन्या केबलला बांधून नवी ओढायचा प्रयत्न करू नका. गिलाव्यात घट्ट बसलेली केबल हलत नाही, टोक मात्र तुटून आत जातं. घरात कॅट ६ कुठवर पोचलीय ते शोधा, अर्ध्या घरांत प्रश्न तिथंच सुटतो. नाहीतर स्कर्टिंगच्या वरच्या कडेनं किंवा पीओपीच्या खाचेतून बारीक फायबर न्या, वर केसिंग पट्टी आणि भिंतीचाच रंग. दिवाळीच्या रंगकामात हे उरकलं तर रंगाऱ्याला वेगळी मजुरी पडत नाही. आणि केसिंग पट्टी आवश्यकतेपेक्षा एक आकार मोठी घ्या, म्हणजे पुढची केबल त्याच पट्टीतून जाईल.